कुत्र्याचा स्वभाव : माहुलीपासून जतपर्यंत

गेल्या बकरी ईदच्या दुपारी माझ्या भाच्याच्या कुत्रीने आमच्या सात वर्षांच्या पुतणीचा गाल फाडला. मिरजेला बहिणीच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. पोरगी हातात ताटली घेऊन अंगणातून चालली होती. कुत्री साखळीला होती, पण साखळी लांब होती. ‘काहीच कळलं नाही, एकदम झडप घातली’ असं घरातले सगळे सांगतात. मी ओसरीवर बसलो होतो. ती आधी ताठ झाली, तोंड मिटलं, नजर पोरीवर रोखली आणि मग झेप घेतली. सांगायला तिने सांगितलं होतं, आमच्यात वाचणारा कुणी नव्हता. बहिणीने पोरीला नळाखाली धरून पंधरा मिनिटं साबणाने जखम धुतली. हे तिला त्या गोंधळात कसं सुचलं अल्लाह जाणे, पण तेच बरोबर होतं. मग सरकारी दवाखाना, रेबीजची लस, जखमेत सीरमच्या सुया, नंतर टाके.

तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. “मामू, अम्मी को जरा समझाव ना.” कुत्री माजावर आली होती. कोल्हापूरचा एक नर ठरला होता. सात-आठ पिल्लं होतील, एकेक वीस-पंचवीस हजाराला जाईल, असा हिशेब. मी पोरीच्या गालाचं विचारलं तर म्हणाला, “वो काटना नै था मामू, गार्डिंग था. उलट ऐसे पिल्लों को डिमांड ज्यादा है.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी इतिहासाचा मास्तर, प्राण्यांचा डॉक्टर नव्हे. पण आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखात माणसं कुत्र्याकडून काय अपेक्षा करत आली, कुठलं कुत्रं वाढवावं आणि कुठल्याचा वंश थांबवावा हे कसं ठरवत आली, याचा काही माग लागतो का ते पाहायचं मी ठरवलं. बहिणीला उत्तर देण्याआधी आठ दिवस मागून घेतले.

पहिला मुक्काम संगम माहुली. साताऱ्याच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णेचा संगम आहे. रामशास्त्री प्रभुण्यांमुळे माहुलीचं नाव महाराष्ट्राला ठाऊक असतं. राजघराण्याच्या समाध्या इथल्या काठावर आहेत आणि त्यांच्यात एक समाधी कुत्र्याची आहे. दगडात कोरलेला कुत्रा. लोक त्याला खंड्या म्हणतात. छत्रपती थोरल्या शाहू महाराजांचा हा कुत्रा; शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा.

कुत्र्यांच्या कथा आपल्याकडे भावनेने लवकर फुगतात. रायगडावरच्या वाघ्याचा वाद २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली आपण पाहिला. खंड्याची गोष्ट त्या मानाने भक्कम आहे. १८१८ पासून साताऱ्यात राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवली आहे. शाहू महाराजांनी या कुत्र्याला सनदेने जहागीर आणि पालखीचा मान दिला आणि पालखीचा सरंजामही चालू ठेवला गेला, असं तो लिहितो. एकदा भर दरबारात दोन सरदारांना भेटताना त्यांनी कुत्र्याला भरजरी वस्त्रं आणि दागिने घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, हेही त्यानेच लिहिलंय. डफला हा राजाचा लहरीपणा वाटतो. साहेबाला तसं वाटणारच.

मला मात्र त्या पालखीपाशी दुसरी एक पालखी आठवते. जहांगीरच्या दरबारी इंग्रजांचा वकील सर टॉमस रो आला, त्याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. इंग्लंडहून आणलेल्या मोठ्या मॅस्टिफ कुत्र्यांपैकी दोन जिवंत पोचले. टेरी सांगतो, बादशहाने प्रत्येकाला पालखी दिली, दोघे उचलायला, दोघे माशा वारायला, आणि स्वतःच्या हाताने त्यांना घास भरवता यावा म्हणून चांदीचा चिमटा करून घेतला. शाहू महाराज १६८९ ला रायगड पडल्यावर मुघलांच्या हाती लागले आणि १७०७ पर्यंत मुघल छावणीत वाढले. औरंगजेबाची मुलगी झीनत-उन-निसा हिने त्यांच्यावर माया केली. कुत्र्याला पालखी देण्याची रीत त्यांनी तिकडून उचलली असं माझ्याकडे पुराव्याने सांगता येत नाही. हा माझा अंदाज. पण साताऱ्याच्या गादीची आणि मुघल छावणीची ओळख आपल्याला शिकवतात त्यापेक्षा जवळची होती, एवढं नक्की.

खंड्याच्या आधीही आपल्या बाजूला कुत्र्यांची स्मारकं झाली. म्हैसूरकडच्या आतकूरचा शिलालेख ९४९-५० सालचा, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला. त्यात काळी नावाच्या कुत्रीने रानडुकराशी झुंज दिली आणि दोघंही मेली, असं कोरलंय. काळी, खंड्या ही सगळी शिकारी कुत्री. त्यांच्या अंगात धमक होती म्हणून त्यांचे दगड उभे राहिले. पण खंड्या दरबारात बसला होता. नगारे, भालदार, अनोळखी सरदार, अंगावर जरीचं ओझं, डोक्यावर पगडी! वाघापुढे उभं राहणारं ते कुत्रं माणसांच्या गर्दीत कुणाला फाडत नव्हतं, नाहीतर ही गोष्ट डफच्या कानापर्यंत वेगळ्याच रूपात आली असती. माझा भाचा ज्याला ‘गार्डिंग’ म्हणतो त्यातली ही दुसरी बाजू त्याने कधी विचारातच घेतली नव्हती.

इथे आपल्या घरातल्या गोष्टीवर थोडं बोलायला हवं. ‘कुत्ता नापाक है’ हे वाक्य ऐकत आपण वाढलो. दादी अंगणात कुत्रं आलं तरी पाण्याची घागर झाकून घ्यायची. फिकहमध्ये मात्र हे एवढं सरळ नाही. कोकणातले आपले भाऊबंद शाफई. त्यांच्या मजहबात कुत्रं सगळंच नापाक. आम्ही घाटावरचे बहुतेक हनफी. आमच्याकडे लाळ नापाक, कुत्र्याचं अंग नव्हे. मालिकी तर कुत्र्याला पाकच मानतात. शिकार, मेंढरं, शेत यांच्यासाठी कुत्रं ठेवायला चारही मजहबांत मुभा आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजून बख्शिश मिळवणाऱ्यांच्या हदीस आपण पोरांना सांगतो. गुहेतल्या साथीदारांच्या दारात पाय पसरून बसलेलं कुत्रं सूरह कहफमध्ये आहे. बसऱ्याच्या जाहिझने नवव्या शतकात प्राण्यांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यात कुत्रं श्रेष्ठ की कोंबडा यावर लांबलचक वाद घातलाय. तो वाचताना हसूही येतं आणि माणसाने कुत्रं किती बारकाईने पाहिलंय याचं नवलही वाटतं.

मला या आठ दिवसांत सगळ्यात उपयोगी पडलं ते शिकारीचं प्रकरण. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावराने धरलेलं सावज हलाल ठरवलंय. मग फकीहांपुढे प्रश्न आला की ‘शिकवलेलं’ कुत्रं कशाला म्हणायचं? सोडलं की जावं, हाक मारली की थांबावं आणि सावज धरून मालकासाठी राखावं, स्वतः खाऊ नये. हनफी ग्रंथांत इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांच्या मते तीन वेळा धरून खाल्लं नाही की ते शिकलं असं मानावं; इमाम अबू हनीफांनी आकडा न सांगता जाणकार शिकाऱ्याच्या निर्णयावर सोडलं. नीट पाहिलं तर ही दाताची परीक्षा नाहीच. दात सगळ्या कुत्र्यांना असतात. तोंडात रक्ताची चव असताना स्वतःला आवरतं की नाही, याची ही परीक्षा आहे. पुतणीच्या हातात ताटली होती, हे इथे आठवावं.

फकीहांच्या लेखी दुसरंही एक कुत्रं आहे, कल्ब अकूर, म्हणजे फाडणारं. हजच्या एहराममध्ये मुंगी मारायला लोक कचरतात, पण ज्या पाच उपद्रवी प्राण्यांना तिथेही मारायची मुभा आहे त्यांत हे येतं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला गेलेले हंबली फकीह इब्न कुदामा लिहितात की फाडणारं कुत्रं ज्याने ठेवलं, त्याने केलेल्या नुकसानीची भरपाई त्याच्यावर. परवानगीशिवाय घरात शिरलेल्याची गोष्ट वेगळी. आमची पुतणी परवानगीने नव्हे, दावतीने आली होती. आजच्या कायद्याचंही म्हणणं फार वेगळं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये आपल्या ताब्यातल्या जनावराबद्दल हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आता जत. १९४९ पर्यंत सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. संस्थानं विलीन झाल्यावर ‘दक्षिण सातारा’ झाला आणि १९६० ला त्याचं सांगली झालं. म्हणून माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा मी मनात एकच धरतो. एकेकाळी हा आदिलशाहीचा मुलूख. जतचे डफळे आदिलशाही सरदार, पुढे मुधोळचे घोरपडेही. या पट्ट्यात जे उंच, लांबट तोंडाचं, पोट आत गेलेलं, वाऱ्यासारखं पळणारं कुत्रं दिसतं त्याला लोक कारवान म्हणतात. केसाळ असेल तर पश्मी. पश्म म्हणजे फारसीत लोकर. काफिल्यांबरोबर, अरब-पठाण सैनिकांबरोबर ती आली, अशी परंपरा आहे. अरबांची सलूकी आणि इराण-अफगाणिस्तानकडची ताझी पाहिली की नातं पटतंही. ऐन-ए-अकबरीत अबुल फजल सांगतो की बादशहा सगळ्या देशांतून कुत्री मागवी आणि काबूलकडची, विशेषतः हजारा भागातली, उत्तम असत. पण ‘मुसलमानांनी आणलेली कुत्री’ एवढ्यावर गोष्ट संपवायचा मोह मला होत नाही. बाराव्या शतकात चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’मध्ये शिकारी कुत्र्यांची चर्चा आहेच. दख्खनमध्ये कुत्री होती, त्यांत बाहेरची मिसळली, आणि माळरानाने व माणसांनी मिळून त्यांतून एक कुत्रं घडवलं. आपल्या भाषेसारखंच.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास हातात घेतली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली असं सांगतात. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. गंमत अशी की आजही एक केनेल क्लब याला कारवान म्हणून नोंदवतो आणि दुसरा मुधोळ म्हणून. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यांत हे होतं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथली पिल्लं २०१६ साली सैन्याने मेरठला नेली.

जत तालुक्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एका धनगर म्हाताऱ्याकडे नेलं. माडग्याळच्या बाजूला त्यांचा वाडा बसला होता. मेंढरं माडग्याळी, पोपटाच्या चोचीसारख्या नाकाची. याच नाकापायी २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याचं आपण पेपरात वाचलं. आण्णांकडे तीन कुत्री होती, दोन राखणीची जाड अंगाची आणि एक कारवान कुत्री, सावलीत बसलेली. मी जवळ गेलो तशी ती उठून चार पावलं लांब जाऊन बसली. गुरगुरली नाही, शेपूटही हलवली नाही.

“हात लावू नगा गुरुजी,” आण्णा म्हणाले. “चावायची न्हाई. पण तिला आवडत न्हाई.”

कारवानचा हा स्वभाव सगळेच सांगतात. घरच्यांशी लळा, परक्याशी अंतर. मारलं, कोंडलं, सतत बांधून ठेवलं तर भित्रं होतं, आणि भित्रं कुत्रं चावतं. मी आण्णांना भाच्याची सगळी हकीकत सांगितली. रॉटवायलर हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, त्याची गरजही पडली नाही.

“पिल्लू बघायचं म्हंजे आदी त्याची आय बघायची. आय कशी हाय? पोरं अंगाव लोळली तर काय करती? मेंढराला व्यायला लागल्यावर जवळ बसती का वार खायला धावती? बाप सापडला तर बाप बघायचा. न्हाईतर आय तरी.”

“आणि चावरी निघाली तर?”

“लांडग्याला चावली तर चांगलीच की. पोराला चावली तर तिची पिल्लं कोण नेनार? गावाला म्हाईत आसतंय.”

शेवटचं वाक्य ते सहज बोलले. मी मात्र परतीच्या एसटीत त्याच वाक्यावर अडलो. गावाला माहीत असतं. आपल्याकडे पैदासीची वही कुणी ठेवली नाही, पण गावाची आठवण हीच वही होती. खिलार बैलाचंही तसंच. म्हसवड आणि आटपाडीच्या खिलारांची नावं उगाच झाली नाहीत. वळू मारका असेल तर त्याच्याकडे गाय नेताना लोक दोनदा विचार करत, कारण ती खोंडं पुढे स्वतःच्याच औताला जुंपायची असत. जो पैदास करणार तोच त्या जनावराजवळ झोपणार. चुकीची किंमत त्याच्याच पोराच्या गालाला.

हे सगळं फार सुंदर होतं असं मला भासवायचं नाही. नको असलेली पिल्लं ओढ्यात सोडून येत, हे मी लहानपणी पाहिलंय. माद्या तर बहुतेक उपाशीच मरत. सशामागे कारवान सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा झालं ते योग्यच झालं. पण त्यामुळे या कुत्र्याचं कामही गेलं. काम गेलं की निवड कशावर करायची? मग उरतो रंग, उंची आणि जत्रेतल्या शर्यतीचा वेग. वेगासाठी ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं जातं, अशी जाणत्यांची तक्रार आहे. आणि शहरात निवड होते ती फोटोवर.

विज्ञान यात काय म्हणतं? १९५९ साली सोव्हिएत रशियात दिमित्री बेल्यायेव यांनी फरसाठी पाळल्या जाणाऱ्या कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. दर पिढीत माणसाला सगळ्यात कमी बुजणारे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. रंग, आकार, काहीही पाहायचं नाही. मोजक्या पिढ्यांत कोल्हे शेपूट हलवत हात चाटायला लागले. पुढे उलटी निवडही केली, माणसावर धावणाऱ्यांचीच पैदास. लुडमिला त्रूत यांनी त्या हिंसक वंशाचे गर्भ शांत मादीच्या पोटात वाढवून पाहिले. पिल्लं हिंसकच निघाली. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

पण याचा अर्थ ‘अमुक जात वाईट’ असा लावायचा नाही. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. एखादं कुत्रं कसं वागेल यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के जातीवरून सांगता आला. त्याच अभ्यासात स्वभावाचे बरेचसे गुण वारशाने उतरतात हेही दिसलं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. जातीचं लेबल फार थोडं सांगतं. याच कुत्रीची आई कोण, बाप कोण, हे पुष्कळ सांगतं. आण्णांना हे सांगायला ‘सायन्स’ लागलं नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने परिपत्रक काढून तेवीस जातींवर बंदी घालायला सांगितली, त्यात रॉटवायलर होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मला ते परिपत्रक तेव्हाही पटलं नव्हतं. जन्मावरून आख्ख्या जमातीला ‘आक्रमक’ ठरवण्याची सवय कुठून कुठे जाते, हे या ब्लॉगच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. पण त्या सवयीला विरोध करताना एखाद्या चावलेल्या कुत्रीलाच निर्दोष ठरवायचं, हेही मला जमत नाही.

वारशाइतकंच मोलाचे पहिले काही आठवडे. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं पाहून १९६५ च्या पुस्तकात लिहिलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू आई-भावंडांकडून आणि माणसांकडून जग शिकतं. किती जोराने चावलं की भावंड केकाटतं, आई कधी दूर सारते, हे त्याच काळात. म्हणून कुत्र्यांच्या पैदासीचे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात की आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. मादी किमान अठरा महिन्यांची आणि पशुवैद्यकाने तपासलेली हवी. वर्षातून एकदाच, आयुष्यात पाचांहून जास्त वेळा नाही. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी.

मी मिरजेला जाऊन भाच्यासमोर वही उघडली. तोपर्यंत त्याने आईच्या धाकाने ठरलेली तारीख एकदा पुढे ढकलली होती. माजाचे दिवस संपत आले होते.

“ही घरी आली तेव्हा किती दिवसांची होती?”

“बत्तीस.”

“हिची आई पाहिलीस?”

“फोटो पाहिला. विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवला होता.”

“आई कुणाला चावली होती का, विचारलंस?”

तो हसला. असं कोण विचारतं, मामू.

“आता हिचं वय?”

“चौदा महिने.”

“ईदच्या आधी कुणाला?”

यावर तो बोलेना. बहीण आतून म्हणाली, दूधवाल्याची पँट फाडली होती, आणि शेजारच्या मुलाच्या हाताला नुसता दात लागला होता, रक्त आलं नव्हतं. म्हणजे पोरीचा गाल तिसरा.

मी त्याला ओरडलो नाही. त्याचाही सगळा दोष नाही. बत्तीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून त्याच्या हातात दिलं गेलं, त्याने ते गच्चीवर बांधलं, मित्र आले की भुंकायला लावून व्हिडिओ काढले. त्याला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. आमच्या घरात कुत्र्याबद्दल एकच वाक्य माहीत होतं, आणि त्या वाक्याच्या पलीकडे काही शिकायची गरज कुणाला वाटली नाही. पण पिल्लांची गोष्ट निराळी. ती आठ पिल्लं आठ घरांत जाणार, तिथे कुणाची तरी सात वर्षांची पोरगी असणार, आणि त्या घराला काही माहीत नसणार. गावाची आठवण या धंद्यात नाही. ती ठेवायची तर विकणाऱ्यानेच ठेवायची, आणि विकणाऱ्याला त्या आठवणीने गिऱ्हाईक तुटतं.

“मगर मामू, पैसे भर दिया मैं,” तो म्हणाला. नराच्या मालकाला पाच हजार आगाऊ गेले होते. ते परत मिळाले नाहीत. बहिणीने ते त्याच्या खर्चातून कापले.

माज उतरल्यावर दोन-अडीच महिने थांबून पशुवैद्यकाने कुत्रीचं ऑपरेशन केलं. तिला मारून टाका असं घरातल्या दोघांचं मत होतं. डॉक्टरांनी आधी वर्षभर शिकवून पाहू म्हटलं. आता बाहेर नेताना तोंडाला जाळी असते, अंगणाला मध्ये लोखंडी फाटक बसवलंय, आणि पाहुणे यायच्या दिवशी ती वरच्या खोलीत असते. नसबंदीने चावणं आपोआप थांबेल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मध्येच एकदा भाचा तिला जेवण देताना तिने ताट सोडून त्याच्याकडे पाहिलं, तर त्याने मला फोन करून सांगितलं. एवढ्या बारीक गोष्टीसाठी त्याने फोन करावा, याचं मला बरं वाटलं.

पुतणीच्या गालावर आता नखाएवढी पांढरी रेघ आहे. ती कुत्र्यांना घाबरते, मांजरांना नाही. माहुलीला घेऊन गेलो तर दगडी खंड्यापाशीही माझं बोट सोडेना.

मागच्या महिन्यात भाच्याने विचारलं, मामू, त्या आण्णांकडची कारवान व्याली का? एक पिल्लू मिळेल का, पैसे देतो. मी विद्यार्थ्याला फोन लावून निरोप दिला. तासाभराने आण्णांचा उलट निरोप आला. कुत्री व्याली आहे, पाच पिल्लं आहेत, पैसे नकोत. पण आधी पोराला चार दिवस वाड्यावर राहायला पाठवा, आणि पिल्लू पाऊस लागल्याशिवाय आईपासून सोडणार नाही.